संघनायकावर सोपवलेली रात्र : ब्राउनसी बेटावरील शिबिराचा प्रकरण अभ्यास

जूनमध्ये शाळेचे वार्षिक नियोजन लिहिताना ‘नेतृत्वगुणांचा विकास’ हा मुद्दा बहुतेक मुख्याध्यापकांच्या वहीत येतो. पुढे त्याचे काय होते हेही आपल्याला ठाऊक आहे. जुलैत विद्यार्थी मंत्रिमंडळाची निवडणूक होते, शपथविधी होतो, खिशाला बिल्ले लागतात. आरोग्यमंत्री फळ्याच्या कडेला हजेरीचा आकडा लिहितो, क्रीडामंत्र्याकडे चेंडूंची पिशवी येते, मुख्यमंत्री पाहुण्यांना गुलाबपुष्प देतो. सप्टेंबरच्या पाच तारखेला स्वयंशासन दिन होतो. दहावीच्या मुली साड्या नेसून पाचवीला शिकवतात, दुपारी फोटो निघतात. मुलांना हे दिवस आवडतात आणि ते व्हायलाच हवेत. पण एखाद्या मुलाने आपल्यासारख्याच चार मुलांची जबाबदारी घेतली, त्यांच्या वतीने काही ठरवले आणि ते चुकल्यावर सगळ्यांनाच त्याची झळ बसली, असा प्रसंग या कार्यक्रमांत सहसा येत नाही. तो येऊ नये म्हणून आपण शिक्षकच काळजी घेतो.

माझ्या मते गाडी इथेच अडते. म्हणून आठवी ते दहावीच्या मुलांना नेतृत्व शिकवण्याचा विषय निघाला की व्याख्याने आणि कार्यशाळा बाजूला ठेवून मी १९०७ सालच्या एका शिबिराची गोष्ट सांगतो. इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने वीसेक मुलांचे एक शिबिर घेतले आणि त्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. त्या शिबिराचे कौतुक बरेच झाले आहे. त्याची रचना मात्र शिक्षकाच्या नजरेने सुटी करून फारशी पाहिली जात नाही. इथे तेच करायचे आहे.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर १८९९ मध्ये ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअर (तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या लोकांच्या) सैन्याने दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग या छोट्या गावाला वेढा घातला. तो २१७ दिवस चालला. बचावाची सूत्रे याच बेडन-पॉवेल यांच्याकडे होती; तेव्हा ते कर्नल होते. माणसे अपुरी पडत होती, म्हणून त्यांचे सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातल्या पोरांचे एक पथक उभे केले. निरोप पोचवणे, टेहळणी करणे अशी कामे मुलांकडे आली. त्यांचा म्होरक्या वॉर्नर गुडइयर हा तेरा वर्षांचा होता. तोफांच्या माऱ्यात मुलांना कामाला लावणे मला मान्य नाही आणि त्याचे गोडवे कुणी गाऊ नयेत. पण बेडन-पॉवेल यांच्या मनात त्या वेढ्यातली एक गोष्ट घर करून राहिली. या वयाच्या मुलावर खरे काम टाकले आणि ते खरे आहे हे त्याला कळले, तर तो ते पेलतो.

मायदेशी परतल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सैनिकांना टेहळणी शिकवण्यासाठी त्यांनी लिहिलेले छोटेखानी पुस्तक शाळांतले शिक्षक आणि मुले वापरत होती. १९०४ मध्ये ग्लासगोला ‘बॉइज ब्रिगेड’ या मुलांच्या संघटनेचे संचलन पाहायला ते गेले. ही संघटना विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये काढली होती. ते पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहा, असे स्मिथ यांनी सुचवले. पुढे १९०६ मध्ये अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांची भेट झाली. सीटन अमेरिकेत मुलांच्या टोळ्या घेऊन रानावनात शिबिरे भरवत. त्यांच्याकडूनही बेडन-पॉवेल यांनी बरेच काही घेतले.

पुस्तक हातावेगळे करण्याआधी त्यातल्या कल्पना प्रत्यक्ष मुलांवर तपासून पाहायच्या, असे त्यांनी ठरवले. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे परिपत्रक आधी निघते आणि मुले नंतर दिसतात.

मुले आणि त्यांची मांडणी

डॉर्सेट परगण्यातल्या पूल नावाच्या बंदराच्या तोंडाशी ब्राउनसी हे बेट आहे. झाडी, किनारा, मधूनमधून मोकळी रानजागा. बेटाचे मालक चार्ल्स व्हॅन राल्ट यांनी जागा दिली. १ ते ८ ऑगस्ट असे आठ दिवस ठरले. निम्मी मुले ईटन, हॅरोसारख्या श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती. बाकीची बोर्नमथ आणि पूल इथल्या बॉइज ब्रिगेडमधली, कष्टकऱ्यांच्या घरची. श्रीमंत मुलांना फी एक पाउंड, म्हणजे वीस शिलिंग, तर बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. ज्या समाजात ही दोन घरची मुले एका बाकावर बसली नसती, तिथे ती एका तंबूत झोपणार होती. बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्याही सोबत होता. मोठी मुले सोळा-सतरापर्यंतची. म्हणजे आपल्या हिशेबात चौथीपासून अकरावीपर्यंतचा गट.

आता मुख्य गोष्ट. वीस मुलांचे चार संघ पाडले : लांडगे, बैल, कर्ल्यू (लांब वाकड्या चोचीचा पाणपक्षी) आणि डोमकावळे. प्रत्येक संघात पाच मुले. खांद्यावर संघाच्या रंगाच्या लोकरीचा गोंडा : निळा, हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येक संघातला वयाने मोठा मुलगा संघनायक. त्याच्या काठीला एक छोटे निशाण, त्यावर संघाच्या प्राण्याचे चित्र. प्रत्येक संघाचा तळ वेगळ्या जागी.

इथवर हे आपल्याकडच्या चार ‘हाउस’सारखे वाटेल. फरक पुढे आहे. शिबिरानंतर लिहिलेल्या वृत्तान्तात बेडन-पॉवेल स्वच्छ म्हणतात की यशाचे गमक या रचनेतच होते. संघनायकावर आपल्या संघाच्या वागणुकीची पूर्ण जबाबदारी होती आणि ती सदासर्वकाळ होती, तळावरही आणि रानातही. काम असो की खेळ, मोजायचे एकक संघ हेच. मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. बस्स. नियमांची जंत्री नव्हती.

‘सदासर्वकाळ’ या एका अटीवर थांबायला हवे. आपला वर्गमंत्री शिक्षक वर्गात येईपर्यंतच मंत्री असतो. सर आले की त्याचे राज्य खालसा होते. त्याचे काम म्हणजे शिक्षक येईपर्यंत फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणे. हे पाळत ठेवण्याचे काम झाले. त्यातून त्याला मित्र गमवावे लागतात आणि शिकायला काही मिळत नाही. ब्राउनसीच्या संघनायकाला चार मुलांचे जेवण, झोप, भांडण, खेळ, आजारपण असे सगळेच बघायचे होते. ज्याच्या चुगल्या करायच्या त्याच्याच शेजारी झोपायचे असेल तर माणूस चुगली करत नाही, समजूत काढतो.

शिकवण्याची घडी

दिवस सकाळी सहाच्या सुमाराला कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाच्या शिंगाचे रणशिंग फुंकून सुरू होई. गरम दूध आणि बिस्किट, मग व्यायाम, तळाची सफाई, प्रार्थना, न्याहारी. दुपारच्या जेवणानंतर सक्तीची विश्रांती. प्रत्येक दिवसाचा एक विषय : तळ उभारणे, निरीक्षण, रानातले जीवन, शौर्य आणि सौजन्य, जीव वाचवणे, देशप्रेम.

विषय शिकवण्याची रीत मात्र पाहण्यासारखी होती. रात्री शेकोटीभोवती बेडन-पॉवेल त्या विषयावर थोडक्यात गोष्टी सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी संघ तीच गोष्ट हाताने करून पाहत. दुपारी तिचाच एक मोठा खेळ होई. निरीक्षणाचे उदाहरण घ्या. रात्री माग काढण्याच्या हकिकती. सकाळी वाळूत आणि मातीत उमटलेल्या पावलांवरून चालला कोण, पळाला कोण हे ओळखायचे. दुपारी एक मुलगा ‘हरीण’ होऊन टेनिसचे पाच-सहा चेंडू घेऊन रानात निघून जाई. थोड्या वेळाने बाकीचे ‘शिकारी’ त्याचा माग काढत जात. त्यांनी चेंडू मारून त्याला टिपायचे आणि त्याने त्यांना. गोष्ट, सराव, खेळ. चोवीस तासांत एकच धडा तीन अंगांनी पुढे येई आणि तिन्ही वेळा संघ म्हणूनच करावा लागे. आपल्या चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे बसत नाही हे खरे. पण शुक्रवारी शेवटच्या तासाला गोष्ट आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत सराव आणि खेळ, एवढे बसवता येते.

रात्रीचा पहारा

या शिबिरातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग रात्रीचा आहे. दर रात्री एका संघाची पाळी असे. त्या संघाला शिधा मिळे : पीठ, बटाटे, मांस, चहा आणि इतर किरकोळ वस्तू. प्रत्येकाने आपला जाड कोट, कांबळी, भांडे आणि काडेपेटी घेऊन दाखवलेल्या जागी जायचे. तिथे चूल पेटवून स्वयंपाक करायचा, जेवायचे, पहारेकरी नेमायचे आणि रात्र उघड्यावर काढायची.

संघनायकाच्या जागी पंधरा वर्षांचा मुलगा उभा करून बघा. उजेड असेतो जागा पाहायची आहे. एकाने लाकडे आणायची, दुसऱ्याने बटाटे सोलायचे, तिसऱ्याने पाणी. पीठ कुणी मळायचे यावर लगेच वाद. श्रीमंत शाळेतल्या मुलाने जन्मात चूल पेटवलेली नाही. पूलच्या मुलाला ती येते, पण तो हुकूम ऐकायला शिकलेला आहे, सांगायला शिकलेला नाही. ज्याला काम येते त्याच्या हाती ते देणे आणि ते करताना त्याचा मान राखणे, हे त्या रात्री नायकाला शिकावेच लागते, कारण उपाशी झोपायची तयारी कुणाचीच नसते. मग पहारा. पहिला कोण? लहान मुलाला पहिली पाळी दिली तर तो नंतर निवांत झोपेल. शेवटची दिली तर तो पेंगेल आणि संघ हरेल. हे सगळे ठरवायला जवळ मोठे माणूस नाही.

आणि मोठा माणूस येतो तो कसा? अकराच्या आधी कधीतरी इतर संघांचे नायक आणि स्वतः बेडन-पॉवेल अंधारातून सरपटत येत. पहारेकऱ्यांच्या नकळत तळाजवळ पोचायचे हा त्यांचा डाव. पहारेकऱ्याने त्यांना हेरले तर संघ जिंकला. अकराला पहारे उठत आणि सगळे झोपी जात.

ही युक्ती दिसते त्यापेक्षा फार हुशारीची आहे. प्रमुखाला रात्री मुलांवर नजर ठेवायचीच होती, कारण लहान मुले उघड्यावर होती, जवळ विस्तव होता, चारी बाजूंना पाणी होते. पण तो तपासणीला आला असता तर मुलांनी कामे सोडून त्याच्याकडे पाहिले असते. तो खेळातला प्रतिस्पर्धी होऊन आला. त्यामुळे त्याला सगळे दिसले आणि नायकाचा अधिकारही शाबूत राहिला. शिवाय इतर तीन नायकांना दुसऱ्याचा तळ जवळून बघायला मिळाला. चूल कुठे मांडली, पहारेकरी कुठे उभे केले, हे त्यांनी चोरपावलांनी पाहिले आणि आपल्या पाळीला वापरले असणारच. शिक्षकाने न शिकवता नायक एकमेकांपासून शिकावेत, याची याहून चांगली सोय मला माहीत नाही.

चूक झालीच असती तर काय झाले असते? भाकरी करपली असती, बटाटे कच्चे राहिले असते, सकाळी इतर संघांनी चिडवले असते. यापलीकडे काही नाही. पडझड खरी, पण सोसण्याजोगी. मुलाच्या हाती काय द्यायचे हे ठरवताना शिक्षकाने हा हिशेब आधी करायचा असतो. जिथे चूक झाली तर जिवाला किंवा अब्रूला धोका आहे ते काम द्यायचे नाही. जिथे चुकले तरी कुणाचेच काही बिघडत नाही तेही द्यायचे नाही, कारण ते नाटक आहे हे आठवीच्या मुलाला पहिल्या मिनिटाला कळते.

पुढे काय झाले

जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक सहा पाक्षिक भागांत निघाले. नवी संघटना काढायचा मोठा बेत तेव्हा नव्हता. आधीपासून असलेल्या संघटनांनी ही पद्धत वापरावी, असा अंदाज होता. घडले ते भलतेच. मुलांनी भाग वाचले, पाच-सहा जण जमले, आपसांत नायक ठरवला आणि संघ सुरू केला. मोठे माणूस शोधायला ती नंतर निघाली. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा भरला तेव्हा सुमारे ११ हजार मुले आली आणि त्यांत मुलीही होत्या. त्यांना कुणी बोलावले नव्हते. मुलांसाठी लिहिलेले पुस्तक वाचून त्यांनी आपले संघ बांधले होते आणि आम्हीही स्काउट आहोत असे सांगत त्या तिथे हजर झाल्या. पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांच्या पुढाकाराने गाइड चळवळ उभी राहिली.

नेतृत्वाच्या शिक्षणाचा पुरावा मागितला तर मी या मुलींकडे बोट दाखवेन. रचना इतकी साधी होती की ती मोठ्यांच्या मदतीशिवाय मुलांना उभी करता आली.

भारतात १९०९ च्या सुमारास स्काउटिंग आले ते फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. तेव्हा ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांची स्वतंत्र संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या आधाराने आणखी एक उभी केली. सेवा समितीचे मूळ काम यात्रेकरूंच्या सेवेचे. साम्राज्याच्या सेवेसाठी घडवलेली पद्धत तिथे आपल्या माणसांच्या सेवेला लागली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. आपल्या माध्यमिक शाळेच्या मैदानावर स्काउट-गाइडच्या गणवेशात दिसणारी मुले-मुली याच संस्थेची.

शिबिराच्या उणिवा

या प्रकरणातले दोष झाकून ठेवले तर अभ्यासाला अर्थ उरणार नाही. पहिला दोष नायकांच्या निवडीचा. वयाने मोठा तो नायक, हा नियम सोपा होता. पण चारही नायक मोठ्या शाळांतलेच निघाले. मच्छीमाराचा किंवा मजुराचा मुलगा आठ दिवस उत्तम अनुयायी राहिला. चूल त्याला पेटवता येत होती, बेटाभोवतालचे पाणी तो ओळखून होता, तरी काठीवरचे निशाण त्याच्या हाती आले नाही. शिवाय आठही दिवस नायक तेच. वीसांतल्या चौघांनाच नायकपण मिळाले.

आपल्या वर्गांतही असेच होते. ज्याला बोलता येते, ज्याचे पालक शाळेत येतात-जातात, ज्याला पहिल्या पाचांत जागा आहे, तोच मॉनिटर, तोच सूत्रसंचालक, तोच मंत्री. पाड्यावरून किंवा वस्तीवरून चालत येणारी, घरी धाकटी भावंडे सांभाळून स्वयंपाक करून शाळेत पोचणारी मुलगी रोज पाच माणसांचे व्यवस्थापन करत असते. वर्गात तिचे नाव कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. मला हे मनापासून लागते. ज्यांना संधीची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोचवण्यासाठीच शाळा असते.

दुसरा दोष हेतूचा. बोअर युद्धानंतर इंग्लंडला आपल्या तरुणांच्या तब्येतीची आणि साम्राज्याच्या भवितव्याची धास्ती वाटत होती. शिबिरातला देशप्रेमाचा दिवस त्याच मुशीतला. पद्धत घेताना तिच्यासोबत आलेला हेतू तपासून घ्यावा लागतो. कोणत्याही गणवेशधारी उपक्रमाला हे लागू आहे.

तिसरी मर्यादा पुराव्याची. आठ दिवस, निवडक मुले, सुंदर बेट आणि देशभर गाजलेला सेनानी. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मुले खूश होऊन घरी गेली म्हणजे पद्धत सिद्ध झाली असे होत नाही. इथे १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी केलेल्या प्रयोगाचा आधार मिळतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे करून त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी कामे दिली होती. काही मंडळांत मोठा माणूस सगळे हुकमाने करवून घेई, काहींत मुलांशी बोलून ठरवी, काहींत मुलांना मोकळे सोडून देई. हुकमाच्या मंडळात काम भरपूर होई, पण तो माणूस खोलीबाहेर गेला की हात थंडावत. बोलून ठरवणाऱ्या मंडळात तो गेला तरी काम चालू राही. आणि मोकाट सोडलेल्या मंडळात कामही कमी आणि समाधानही कमी. तिसरा निष्कर्ष मी मुद्दाम सांगतो. मुलांवर सोपवणे म्हणजे अंग काढून घेणे असा अर्थ काही ठिकाणी लावला जातो. बेडन-पॉवेल अंधारात पोटावर सरपटत होते. त्यांनी अंग काढून घेतले नव्हते.

आपल्या शाळेत उतरवताना

बेट नाही, तंबू नाहीत, वर्गात साठ मुले आणि मार्चमध्ये परीक्षा. तरी साठ मुलांचे दहा संघ होतात, सहा-सहा जणांचे. भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या रचनेतही संघ सहा ते आठ जणांचाच असतो. मग वर्गशिक्षकाला साठ जणांना सांगावे लागत नाही. दहा संघनायकांची बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटे घ्यायची आणि पुढचे त्यांनी आपापल्या संघात न्यायचे. शिक्षकांना यात सर्वांत जड जाते ते पुढचे पथ्य. एखादा मुलगा थेट आपल्याकडे तक्रार घेऊन आला की “तुझ्या संघनायकाशी बोललास का?” एवढेच विचारायचे. छळ, मारामारी, मुलींच्या सुरक्षिततेची बाब असेल तर अर्थातच तत्काळ स्वतः लक्ष घालायचे. ते मुलांवर टाकायचे काम नाही. वही हरवली, जागेवरून भांडण झाले, गटकामात कुणी हात लावला नाही, हे मात्र सगळे संघाचे.

रात्रीच्या पहाऱ्याच्या जागी काय आणायचे? माझ्या पाहण्यात ‘खरी कमाई’ हा उपक्रम त्याच्या सर्वांत जवळ जातो. स्काउट-गाइड पथकांत तो आहेच आणि बऱ्याच शाळा तो सगळ्या मुलांसाठी करतात. मैदानात खाऊचे स्टॉल लागतात, मुले पदार्थ विकतात. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी पदार्थ आया करतात, भाव सर ठरवतात, गल्ला मॅडम सांभाळतात आणि मुले हाका मारतात. तेवढे बदलले की उपक्रमाचे रूप पालटते.

एका शाळेत आठवीच्या एका संघाने भेळेचा स्टॉल घेतला होता. भांडवल घरून आणलेले, प्रत्येकाचे सारखे. नायक मुलगी, फारशी न बोलणारी. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि गर्दी उसळली. दहा-बारा मिनिटांत चिंचगुळाची चटणी तळाला गेली. चुरमुरे अर्धे पोते शिल्लक. एक जण म्हणाला, चटणीत पाणी घाल. दुसरा म्हणाला, आहे ते संपवून स्टॉल बंद करू. ती क्षणभर थांबली. मग तिने खडू घेतला, पाटीवरचा भाव पुसून खाली ‘सुकी भेळ’ लिहिले, दर कमी केला. एकाला शेजारच्या स्टॉलवर जास्तीचे लिंबू मागायला धाडले आणि पाणी घालायला निघालेल्या मुलाच्या हातात कांदा-कोथिंबीर दिली. वर्गशिक्षिका तीन स्टॉल सोडून उभ्या होत्या. त्यांना सगळे दिसत होते. त्या जागच्या हलल्या नाहीत.

खरे शिक्षण त्यानंतरच्या बैठकीत झाले. चटणी कमी का पडली? प्रमाण काढायचे काम संघातल्या एकाला दिले होते आणि त्याने ते घरच्या पाच माणसांच्या अंदाजाने काढले होते. नायकाने ते दिले, पण पुन्हा पाहिले नाही. काम दुसऱ्यावर सोपवणे आणि सोपवून झाल्यावर ते तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या मुलीच्या तोंडूनच आले. गल्ल्यात हिशेबापेक्षा थोडे पैसे कमी भरले, तेव्हा कुणावर आळ न घेता तो तोटा सहा जणांत वाटून घ्यायचे त्यांनीच ठरवले. कोणत्याही कार्यशाळेतल्या सरकचित्रांनी हे त्यांच्या पदरात पडले नसते.

नायक निवडण्याच्या बाबतीत ब्राउनसीचा नियम मी उचलणार नाही. सहामाहीपर्यंत एक आणि नंतर दुसरा, असेही पुरेसे होत नाही, कारण दोघेच होतात. सहा जणांच्या संघात वर्षभरात प्रत्येकाची पाळी यायला हवी आणि ती एका पूर्ण कामाइतकी लांब हवी : खरी कमाई, सहल, विज्ञान प्रदर्शनातला एक कक्ष, स्नेहसंमेलनातली बैठकव्यवस्था, वृक्षारोपणाच्या रोपांची उन्हाळ्यापर्यंतची निगा. काम संपले की नायक बदलायचा. नवख्या नायकाच्या आधी जो होता त्याने पहिल्या आठवड्यात उपनायक राहायचे. लाजऱ्या मुलाला पहिली पाळी कधीच द्यायची नाही, तिसरी-चौथी द्यायची. तोवर त्याने दोन-तीन जणांचे बरे-वाईट पाहिलेले असते.

मुली-मुलांच्या मिश्र संघात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. नायक मुलगी असली तरी पैशांचा आणि बाहेर जाण्याचा निर्णय मुलगे परस्पर घेतात आणि तिच्याकडे रांगोळी, स्वागत, वाढणे एवढेच येते. बैठकीत गल्ल्याची वही नायकाच्याच हातात असली पाहिजे, हा नियम केला की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा बैठकीत उघड बोलूनच सोडवावा लागतो.

पालकांची हरकत येते ती नववी-दहावीला : यात अभ्यास बुडतो. त्यांना टाळू नये, पहिल्याच पालकसभेत कामांचे वर्षभराचे वेळापत्रक द्यावे. खेळ, एनसीसी, स्काउट-गाइड यांतल्या कामगिरीला दहावीत सवलतीचे गुण असतात, त्यामुळे काही पालक उलट टोकाला जाऊन प्रमाणपत्राचा धोशा लावतात. दोन्ही प्रकारच्या पालकांना शनिवारच्या बैठकीत एकदा मागे बसवावे, न बोलण्याच्या अटीवर. आपला मुलगा पाच जणांना समजावताना कसा बोलतो हे घरी दिसत नाही.

मूल्यमापनासाठी गुणपत्रक करू नये. संघाची एक वही पुरते. काम कोणते, कुणी काय केले, कुठे अडले, काय ठरवले, पुढच्या नायकाला काय सांगायचे, असे नायकाने काम संपल्यावर स्वतःच्या हाताने एक पान लिहायचे. शिक्षकाने त्यावर शेरा न मारता एखादा प्रश्न लिहायचा. वर्षाअखेरीस त्या वहीत सहा वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली पाने असतील. एखाद्या संघाच्या वहीत तीनच हस्ताक्षरे सापडली तर पुढच्या जूनमध्ये त्या संघातल्या उरलेल्या तिघांपासून सुरुवात करायची.